आढेवेढे

आमच्या धंद्यात प्रत्येक कामाला दोन वेळा असतात. एक खरी आणि एक सांगायची. लग्न साडेअकराला असेल तर फुलवाल्याला आठ सांगायचे, कारण तो साडेनऊला उगवतो. फोटोवाल्याला नऊ सांगायचे, म्हणजे तो दहाला येऊन, अजून काहीच कसं तयार नाही, असं वर तोंड करून विचारतो. नवरीच्या मामाला आदल्या दिवशीची वेळ सांगितली तरी फरक पडत नाही. जेवणाचं कंत्राट घेणाऱ्याला मात्र खरी वेळ सांगायची, कारण अन्न गार झालं की बोलणी मला खावी लागतात. कोणाला किती आधीची थाप मारायची याची माझ्याकडे एक वही आहे. नऊ वर्षांत ती इतकी अंगात भिनली आहे की मला कोणी वेळ सांगितली तर मीही ती मनातल्या मनात पाऊण तास पुढे ढकलते. दहा म्हटलं की पावणेअकरा. हा हिशोब आता मी करत नाही, तो आपोआप होतो.

मी समारंभ ठरवून देते. लग्नं, वाढदिवस, कंपन्यांचे मेळावे, निवृत्तीची चहापानं. कोणाच्या हाताखाली नाही, स्वतंत्र. स्वतंत्र म्हणजे काय ते सांगून टाकते, कारण त्याबद्दल बाहेर फार गैरसमज आहेत. स्वतंत्र म्हणजे रोज सकाळी आपणच आपल्याला कामावर बोलवायचं, आपणच उशिरा पोचायचं आणि आपणच आपल्यावर ओरडायचं. माझं ऑफिस म्हणजे जेवणाच्या टेबलाचं खिडकीकडचं टोक. टेबलाखाली रिबिनींची तीन खोकी आहेत. बाल्कनीत प्लास्टिकच्या गुलाबांची एक कमान उभी आहे, तिच्यावर सासूबाई टॉवेल वाळत घालतात.

नऊ वर्षांपूर्वी मी एका कंपनीतली नोकरी सोडली. चारचौघींसारखी गुपचूप सोडली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. मी भाषण करून सोडली. निरोपाच्या केकपुढे उभी राहून मी म्हटलं की यापुढे माझं डोकं माझ्याच मालकीचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, केक खाल्ला आणि जागेवर गेले. माझा नवरा मात्र त्या दिवसापासून पाहुण्यांना सांगत आलाय की हिला कोणाच्या हाताखाली जमतच नाही. हे तो इतक्या अभिमानाने सांगतो की मला एकदाही त्याला अडवता आलं नाही.

पहिली चार-पाच वर्षं मजेत गेली हे कबूल करते. रिकामा हॉल सकाळी उघडायचा आणि दुपारपर्यंत त्यात दोनशे माणसं हसताना बघायची, याची मला खरोखर चटक लागली होती. पुढे ती चटक गेली. कधी गेली ते नेमकं सांगता येतं. गेल्या वर्षी एका नवरीने टेबलांवरच्या कापडासाठी पांढऱ्या रंगाचे सात तुकडे माझ्यापुढे पसरले आणि यातला कोणता जास्त आनंदी वाटतो असं विचारलं. मी तिसरा म्हटलं. ती म्हणाली, तिसरा तर उदास आहे. मी गाडीत जाऊन बसले आणि दहा मिनिटं स्टिअरिंग धरून ठेवलं. मला हे आता नको होतं.

अशात गावातल्या एका मोठ्या हॉटेलातून फोन आला. दोनशे खोल्या, तीन हॉल, त्यांना समारंभ विभागाला प्रमुख हवी होती. भेटायला गेले. व्यवस्थापक बाई माझ्याच वयाच्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. त्यांनी मला केबिन दाखवली. केबिनला दार होतं. ते मी दोनदा लावून पाहिलं. हाताखाली दोन माणसं, सोमवारी सुट्टी, आणि पांढऱ्या कापडाचा एकच प्रकार, तोही हॉटेलने आधीच ठरवलेला. माझ्या तोंडातून हो बाहेर पडायच्या बेतात होतं.

पण जी बाई भाषण करून बाहेर पडली ती नुसती मान हलवून परत कशी जाणार? मी चेहरा गंभीर केला आणि विचार करून सांगते म्हटलं. बाई म्हणाल्या, "आजपासून दोन आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी एकपर्यंत कळवा. नंतर मी यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला हो म्हणेन."

माझा बेत सोपा होता. घरी दोन आठवडे आढेवेढे घ्यायचे. स्वातंत्र्य, नऊ वर्षांची मेहनत, माझं नाव, असं काहीबाही बोलायचं. मग घरच्यांनी गळ घालायची आणि मी शेवटी, तुम्ही इतकं म्हणताय तर, असं म्हणून जड मनाने होकार द्यायचा. म्हणजे नोकरी मिळणार आणि मान खाली घालावी लागणार नाही.

सासूबाईंनी त्यांचं काम चोख केलं. रोज सकाळी त्या टॉवेल वाळत घालताना कमानीकडे बघून म्हणायच्या, "ही एकदा गेली इथून तर मला ऊन दिसेल. घे ना गं ती नोकरी." मी उसासा टाकायचे. पण सासूबाईंनी गळ घालून भागणार नव्हतं. त्यांनी मला याआधी विमा काढ, केस कापू नकोस आणि गाडी हळू चालव अशीही गळ घातली होती, आणि मी त्यातलं काहीच ऐकलं नव्हतं. गळ नवऱ्याने घालायला हवी होती. हिला कोणाच्या हाताखाली जमत नाही, हे वाक्य पाहुण्यांपुढे तो बोलत होता, तेव्हा ते मागेही त्यानेच घ्यायला हवं होतं. आणि हा गृहस्थ काय म्हणायचा? "तुझं तू ठरव."

शेवटच्या आठवड्यात सोमवारी मी जेवताना सुस्कारा सोडला. तुझं तू ठरव. मंगळवारी त्या केबिनच्या दाराचं वर्णन केलं. छान आहे म्हणाला, तुझं तू ठरव. बुधवारी मी सरळच विचारलं की तुला काय वाटतं. त्याने मीठ मागितलं. मला इतका राग आला की मी मीठ त्याच्या हातात न देता टेबलावर आपटलं.

आणि गुरुवारी, नेमकं त्याच दिवशी, माझं भाषण होतं. आमचं एक स्वतंत्र संयोजक मंडळ आहे. त्याच्या अध्यक्षबाईंना आम्ही पाठीमागे ऊर्जाताई म्हणतो. त्या बाराही महिने पिवळं नेसतात आणि दर दहा मिनिटांनी सगळ्यांना उभं करून हात झटकायला लावतात, म्हणजे नैराश्य बोटांतून गळून जातं. आमचं नैराश्य बोटांत नव्हतंच कधी, पण आम्ही झटकतो. त्यांनी दोन महिन्यांपूर्वी मला विषय दिला होता: एकटीने धंदा करताना प्रेरणा कशी टिकवावी. तेव्हा हॉटेलचा फोन आलेला नव्हता. आता नाही कसं म्हणायचं, म्हणून मी तयारी केली होती. ज्या दिवशी धंदा सोडायचा त्या दिवशी तो न सोडण्याबद्दल बोलायचं, यात मला फार काही वावगं वाटलं नाही. निरोपाच्या चहापानाला सत्कारमूर्तीबद्दल मी याहून मोठं खोटं लिहून दिलेलं आहे.

सकाळी नवरा दाराशी बुटाची नाडी बांधत होता. मी त्याला शेवटची संधी दिली. म्हटलं, आज एकपर्यंत हॉटेलला कळवायचंय. तो नाडीशी बराच वेळ खेळत राहिला. उठला, तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "भाषण छान कर." मी दार असं लावलं की बाल्कनीतली कमान हलली.

मंडळाचा कार्यक्रम दहाचा होता. म्हणजे खुर्च्यावाल्याला साडेआठ सांगितले होते, आम्हाला दहा, आणि खरी वेळ साडेदहा होती. पण सभासद म्हणजे सगळे आमच्याच धंद्यातले. प्रत्येकाने आपापला पाऊण तास पुढे ढकलला होता. मी पावणेअकराला पोचले तर हॉलमध्ये फक्त खुर्च्यावाला होता. तो शेवटची ओळ लावत होता आणि साडेआठपासून एकटाच होता. त्याने मला विचारलं की कार्यक्रम रद्द झालाय का. मी म्हटलं नाही, आम्ही सगळे या विषयातले तज्ज्ञ आहोत. साडेअकरापर्यंत चाळीस तज्ज्ञ जमले आणि प्रत्येकाने आल्या आल्या, अजून सुरू नाही झालं का, असं विचारलं.

ऊर्जाताईंनी समोर ट्रायपॉडवर फोन बसवला. ज्यांना येता आलं नाही त्यांना घरबसल्या थेट बघता यावं म्हणून. मग त्यांनी सगळ्यांना हात झटकायला लावले आणि स्वतःच्या लहानपणापासून सुरुवात केली. त्यांचं लहानपण पाऊण तास चाललं. मी खाली बसून घड्याळाकडे बघत होते, पण घाबरले नव्हते. हॉटेलच्या बाई म्हणजे शेवटी आपल्याच धंद्यातल्या. त्यांनी एक सांगितलंय म्हणजे त्यांच्या मनात पावणेदोन असणार. कोण वेडी खरी वेळ सांगते? भाषण उरकायचं, चहा घ्यायचा, शांतपणे जिन्यात जाऊन फोन करायचा. आणि खरं सांगायचं तर नवऱ्याचा फोन येईल असं मला अजून वाटत होतं. फोन मी मुद्दाम मांडीवर ठेवला होता.

बारा चाळीसला माझं नाव पुकारलं. मी बोलायला लागले आणि काय झालं कोण जाणे, भाषण रंगलं. कागदावर नव्हतं ते तोंडातून येऊ लागलं. मी म्हटलं की सकाळी आरशात बघून हसा. म्हटलं की ग्राहकाने सात पांढरे रंग दाखवले तर त्यात सात संधी बघा. समोर दोन-तीन जणी लिहून घेत होत्या. मग ऊर्जाताईंनी पहिल्या रांगेतून विचारलं, "या नऊ वर्षांत कधी नोकरीचा मोह झाला नाही?"

मी थोडी थांबले. एवढं थांबणं मला बरोबर जमतं. मग म्हटलं, "मोह? एकदाही नाही. मला उद्या कोणी सोन्याची केबिन दिली तरी मी विचारीन, याचं दार बाहेरून लागतं की आतून?"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मला तिसऱ्या रांगेत टाचणी दिसली. टाचणी म्हणजे आमच्यातली सगळ्यात लहान सभासद. लहान मुलांचे वाढदिवस करते आणि दुपट्ट्याला कायम टाचण्या टोचलेल्या असतात म्हणून हे नाव. तिने डोळे टिपले, पर्स उचलली आणि वाकून बाहेर गेली. बिचारीला अनावर झालं, असं मला वाटलं. माझ्या बोलण्याने कोणाला हॉलबाहेर जाऊन रडावं लागलं हे पहिल्यांदाच घडत होतं. मी त्या भरात आणखी दहा मिनिटं बोलले. टाचणी परत आली आणि सगळ्यात जास्त वेळ टाळ्या तिनेच वाजवल्या.

एक वाजून वीस मिनिटांनी मी जिन्यात आले. नवऱ्याचा फोन नव्हता. ठीक आहे, म्हटलं, नाहीतर नाही, माझं मी ठरवते. हॉटेलला फोन लावला आणि शक्य तितक्या जड आवाजात म्हटलं की खूप विचारांती मी यायचं ठरवलंय.

पलीकडे कागद हलल्याचा आवाज झाला. बाई म्हणाल्या की जागा भरली.

मी म्हटलं, पण आज एकपर्यंत ना?

"हो. एक वाजून गेला."

मी हसले. म्हटलं, मॅडम, एक म्हणजे आपल्या भाषेत...

"मॅडम, एक म्हणजे एक," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना नुसतं नवल वाटलं होतं. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी सांगायला नको होतं, पण जागा इतक्यात कशी भरली असं मी नरमाईने विचारलं म्हणून सांगितलं. दुसऱ्या उमेदवाराचा फोन एक वाजून एक मिनिटाने आला. तिने सांगितलं की पहिल्या बाई येणारच नाहीत, त्या आत्ता स्टेजवरून तसं जाहीर करतायत. जिन्यातूनच बोलत होती म्हणे. कोणत्या यादीत कोण आहे हे आमच्या धंद्यात कधीच लपत नाही.

मी त्याच जिन्यात उभी होते. कठड्यावर एक टाचणी पडलेली होती. ती मी उचलली आणि काय करायची ते न कळून परत ठेवली. मला रडू येत होतं आणि वर स्वतःचा राग येत होता, कारण तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. आत गेले तर ती समोरूनच आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "ताई, तुमचं ऐकलं आणि मला धीर आला." यातलं कोणतं ऐकून आणि कसला धीर, हे मी विचारलं नाही. मला ती आवडत नाही असं म्हणायची सोय तिने ठेवली नव्हती.

घरी सासूबाईंनी दारातच विचारलं. मी पायातल्या चपला काढत काढत म्हटलं, "नाही म्हटलं त्यांना." हे मी ठरवून बोलले नाही. सकाळपासून तोंडाला जी सवय लागली होती तिनेच ते वाक्य पुढे केलं. उशीर झाला असं सांगण्यापेक्षा नाही म्हटलं हे सांगणं बरं दिसत होतं. सासूबाई म्हणाल्या, मग दोन आठवडे मी काय भिंतीशी बोलत होते? आणि टॉवेल काढायला निघून गेल्या.

नवरा सहाला आला. त्याच्या चेहऱ्यावरून त्याला कळलेलं दिसत होतं. तरी त्याने विचारलं, मी तेच उत्तर दिलं. तो टेबलाशी बसला, माझ्या ऑफिसच्या बाजूला. बराच वेळ नखाने टेबलाची कड कोरत होता.

"बरोबर केलंस," तो म्हणाला. "मी बघितलं तुझं भाषण. दुपारी, ऑफिसात, फोनवर."

मी म्हटलं, तुला कुठे सवड असते दुपारी?

"तुला फोन करायचा होता. ऑफिसबाहेर जिन्यात येऊन उभा होतो." त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर सरळ केला. त्याच्या कंपनीच्या साहेबांना लिहिलेला राजीनामा होता. खाली सही होती, तारखेची जागा मोकळी होती. "पोहण्याच्या तलावावरचे सर निवृत्त होतायत. लहान मुलांचा सकाळचा आणि संध्याकाळचा वर्ग मी घ्यावा म्हणून मागे लागलेत. महिनाभर झाला. घरात एक बांधलेला पगार असता तर मला हे देता आलं असतं. म्हटलं तुला विचारावं, घेशील का ती नोकरी, माझ्यासाठी. तर आधी तुझं काय चाललंय ते बघू म्हणून भाषण लावलं."

तो रोज पोहायला जातो हे मला माहीत होतं. यापलीकडे मी कधी विचारलं नव्हतं.

"ते सोन्याच्या केबिनचं ऐकलं आणि फोन खिशात ठेवला," तो म्हणाला. "तुझ्यासारख्या बाईला असं कसं मागायचं? सकाळीही जमलं नाही. दोन आठवडे जमलं नाही."

तो हे कौतुकाने म्हणत होता, आणि ते माझ्याच्याने ऐकवेना.

"मी नाही म्हटलं नाही," मी म्हणाले. "माझा फोन उशिरा गेला. वीस मिनिटं. मला ती नोकरी हवी होती. पहिल्या दिवसापासून हवी होती. तू एकदा घे म्हणशील म्हणून थांबले होते."

त्याने मान वर केली. तो चिडेल असं वाटलं. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"आणि ते भाषण?"

"समोर लोक बसले होते रे."

बाल्कनीत सासूबाईंचे हात थांबलेले मला काचेतून दिसत होते. त्याने कागदाची घडी घातली, आधीच्याच खुणांवर, आणि खिशात ठेवली. टेबलावर माझा फोन थरथरला. तो त्याच्या जवळ होता म्हणून त्याने उचलला आणि मोठ्याने वाचलं. ऊर्जाताईंचा निरोप होता. आजचं भाषण फार लोकांनी बघितलं, पुढच्या महिन्यात मोठ्या मेळाव्यात तेच करायचं, केबिनचं वाक्य नक्की घ्यायचं.

"काय कळवू?" त्याने विचारलं.

"येते म्हणून कळव," मी म्हटलं. "आता मला तेवढंच काम आहे."